जुन्या गाडीचा आवाज सुधारायचा तर सुरुवात पुढच्या दारापासून

गाडीत गाणं नीट ऐकू येत नाही म्हटलं की बहुतेक जण डिकीकडे धावतात. मागच्या ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर, डिकीत खालचे सूर घुमवणारी एक बास ट्यूब, दुकानदार तासाभरात सगळं बसवून देतो आणि घरी येताना काचा थरथरतात. आठवड्याने लक्षात येतं की गायकाचे शब्द आधी कळत नव्हते, ते आताही कळत नाहीत. आमच्या आत्याच्या गाडीत हेच झालं. तिला इंदूरहून देवासला जाता-येता अभंग ऐकायचे होते. पैसे खर्च झाल्यावर ती म्हणाली, "अरे, पखवाज पाठीत बसतोय, पण शब्द कुठे गेले?"

इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर भागातल्या ओळखीच्या सात-आठ गाड्यांची दारं मी आजवर उघडली आहेत. वस्तू वाईट होत्या असं फारसं दिसलं नाही. कामाचा क्रम मात्र जवळपास प्रत्येक गाडीत चुकलेला होता. खालचे टप्पे याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका. माझी स्वतःची गाडी २००९ ची छोटी हॅचबॅक आहे आणि खर्चाची मर्यादा ८,००० रुपये होती. तेवढ्यात काय बसतं, ते धरून लिहितोय.

## टप्पा १ : काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास ऐका

गाडी सावलीत उभी करा, काचा वर घ्या, इंजिन बंद ठेवून चावी ॲक्सेसरीवर ठेवा. व्हॉट्सॲपवरून दहा हातांतून फिरलेल्या फाइल तपासणीला घेऊ नका. तीनच गोष्टी पुरतात: तानपुऱ्याच्या साथीने एकटा आवाज, तबल्याचं एकल वादन आणि टाळ-पखवाजासकट एखादा अभंग. पहिल्यात शब्द पारखता येतात, दुसऱ्यात डग्ग्याचा घुमारा, तिसऱ्यात टाळांची किणकिण. फाइल किमान २५६ केबीपीएसच्या घ्या. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉर्मॅट करा, कारण बरेच जुने डेक (डॅशबोर्डमधले म्युझिक प्लेअर) दुसरा फॉर्मॅट वाचतच नाहीत.

डेकमध्ये बास शून्य, ट्रेबल शून्य, लाउडनेस बंद. 'रॉक', 'पॉप' असले तयार पर्यायही बंद करा. मग या क्रमाने ऐका:

१. फेडर (आवाज पुढे-मागे वाटणारं सेटिंग) पूर्ण पुढे, बॅलन्स (डावी-उजवी बाजू) पूर्ण डावीकडे. आता फक्त पुढचा डावा स्पीकर वाजतोय. काय ऐकू आलं ते कागदावर लिहा. असे चारही स्पीकर एकेक करून ऐका.

२. फेडर पुढेच ठेवून बॅलन्स मध्यावर आणा. गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधून यायला हवा. तो नक्की कुठून येतोय ते कळत नसेल, डग्गा नाहीसा झाला असेल आणि बॅलन्स एका बाजूला नेताच डग्गा परत येत असेल, तर दोनपैकी एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडलेली आहे.

३. इंजिन सुरू करा, आवाज अगदी कमी ठेवा आणि हलकी रेस द्या. रेसबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो, स्पीकरचा नसतो.

आता लक्षणं वाचा. हलक्या आवाजातही खरखर येत असेल तर स्पीकरची जाळी काढून शंकूवर चार बोटं सारखी टेकवा आणि हळूच आत दाबा. आत काही घासल्यासारखं लागलं तर तो स्पीकर संपला. ठरावीक सुरालाच भणभण होत असेल तर स्पीकरला दोष देण्याआधी दाराच्या पॅडवर तळहात दाबून पाहा. भणभण थांबली तर सैल क्लिप, दाराच्या खिशातली नाणी किंवा पाण्याची बाटली यांपैकी काहीतरी वाजतंय. दार उघडता-मिटताना आवाज जात-येत असेल तर खांब आणि दार यांच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलेली आहे. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत हे फार आढळतं. शेजारच्या काकांनी याच लक्षणावर नवा डेक घेतला आणि नव्या डेकवरही उजवी बाजू मुकीच राहिली. बिजागरीपाशी वीतभर वायर बदलली तेव्हा ती बोलायला लागली.

स्पीकर अगदी गप्प असेल तर वायर काढून त्याच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटलेली आहे. आकडा बरोबर असेल तर वायर शोधा.

तपासा: कागदावर चारही स्पीकरपुढे एकेक ओळ लिहिली गेली का? नसेल तर बाजाराला जाऊ नका.

## टप्पा २ : पैशांची वाटणी

माझ्या ८,००० पैकी पुढच्या स्पीकरच्या जोडीला ३,०००, दाराच्या डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट) आणि फोमला १,५००, वायर, रिंग, क्लिप आणि किरकोळ सामानाला ८००, डेकला २,५००. मागच्या स्पीकरला शून्य. दुकानागणिक भाव थोडे वर-खाली होतील, पण वाटणीचा तोल बिघडू देऊ नका. दाराच्या शीटचे पैसे कापून स्पीकर महागडा घेणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

सध्याचा डेक नीट वाजत असेल आणि त्याला ऑक्सची (बाहेरून वायर लावायची) खाच असेल तर डेकचे २,५०० वाचवा आणि ऑक्सला लागणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा एफएम ट्रान्समीटर मात्र घेऊ नका. एफएमवरून जाताना १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गळतो आणि शहरात मोकळी फ्रिक्वेन्सीही सहज सापडत नाही. टाळांची धार त्यात हरवते.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. डेकच्या खोक्यावर '५० × ४ वॅट' छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजासाठी कागदी हिशोबानेही २६ वॅटच्या पुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात १५ ते २० हाती पडतात. तो ५० चा आकडा निघतो, तो आवाज पुरता फाटून लहरी चौकोनी झाल्यावर. म्हणून '३०० वॅट' लिहिलेला स्पीकर जास्त वाजेल असं मुळीच नाही. तो आकडा स्पीकर किती सोसू शकतो याचा असतो, आणि बहुतेक वेळा फुगवलेला असतो.

ॲम्प (वेगळा ॲम्प्लिफायर) न लावता डेकवरच चालवायचं असेल तर एकच आकडा बघा: सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर त्याच डेकची ताकद दुप्पट केल्यासारखं होतं, कारण प्रत्येक ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. यात एक मेख आहे. तो आकडा '१ वॅट'वर मोजलाय की '२.८३ व्होल्ट'वर, हे खोक्यावर वाचा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की २ वॅट जातात, म्हणजे आकडा ३ डेसिबलने फुगतो. दोन स्पीकरची तुलना एकाच मापावर करा.

## टप्पा ३ : माप आणि सामान

दाराचा जुना स्पीकर काढून त्याचा व्यास, स्क्रूंमधलं अंतर आणि खोली मोजा. "या मॉडेलला साडेसहा इंची बसतो" या ऐकीव माहितीवर जाऊ नका, मधल्या मालकाने काय कापलं असेल सांगता येत नाही. काच पूर्ण खाली करून दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. सगळे इथेच फसतात. स्पीकर बसतो, पॅड लागतं, आणि काच खाली केली की ती चुंबकावर आदळते.

वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी), फ्यूज आणि मल्टीमीटरसाठी महाराणी रोड, हार्डवेअरसाठी सियागंज. स्पीकर घेताना स्वतःचा पेन ड्राइव्ह बरोबर न्या आणि दोन जोड्या एकाच डेकवर, व्हॉल्यूमला हात न लावता, आलटून-पालटून वाजवायला सांगा. "भिया, ओव्हल डलवा लो, मजा आ जाएगा" हे ऐकावं लागेल. शांतपणे नाही म्हणा.

कोॲक्सियल घ्यायचा की कंपोनंट? कोॲक्सियलमध्ये ट्वीटर (तार सुरांचा छोटा स्पीकर) मोठ्या शंकूच्या मधोमध बसवलेला असतो. दार खाली आणि पाय आडवे, त्यामुळे तार सुरांचा बराच भाग पोटरीवर जाऊन आदळतो. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा येतो आणि आरशाच्या कोपऱ्यात बसवता येतो. शब्द स्पष्ट हवे असतील आणि पाच-सहाशे रुपयांचाच फरक पडत असेल तर कंपोनंट घ्या. तेवढं जमत नसेल तर चांगला कोॲक्सियल बसवा, त्यात कमीपणा नाही. दार नीट तयार केलं की तोही छान वाजतो.

स्पीकरची वायर १ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ते ठेवून द्या.

डॅम्पिंग शीट ब्युटाइलची घ्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली. डांबराची शीट स्वस्त पडते, पण मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास गेला आणि गाडी उन्हात उभी राहिली की ती ओघळते आणि गाडीभर वास सुटतो. ती पुन्हा खरवडून काढायला दिवस जातो, हे मी एका मित्राच्या गाडीत केलं आहे.

बाकी: प्लस आणि माइनस पेचकस, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं चपटं उलथणं, छोटा रोलर, जाड हातमोजे, साधा १.५ व्होल्टचा सेल आणि दारपॅडच्या दहा जादा क्लिपा. क्लिपा तुटणारच.

## टप्पा ४ : बॅटरी सोडवा, वायर सरळ करा, डेक बदला

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. गाडीत एअरबॅग असेल तर त्यानंतर दहा मिनिटं थांबा, आणि पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरीला हात लावू नका. डेक मूळचा असेल आणि बॅटरी काढल्यावर कोड मागणारा असेल, तर तो कोड आधी हाताशी ठेवा.

डेक बाहेर काढल्यावर मागे काय दिसतं, ते मागच्या मेकॅनिकवर अवलंबून असतं. माझ्या गाडीत कंपनीचा कपलर (वायरी एकदम जोडायचा प्लग) कापून अकरा वायरी एकमेकींना पिळल्या होत्या आणि वर चिकटपट्टी. उन्हाने पट्टीचा गोंद वितळून काळा चिकटा झाला होता आणि दोन उघड्या तारा एकमेकींपासून नखभर अंतरावर लोंबत होत्या. अशा गाडीत नवा डेक लावणं म्हणजे फ्यूज उडण्याची वाट बघणं.

गाडीचा कपलर शाबूत असेल तर तो कापू नका, तुमच्या मॉडेलचा जोड-कपलर घ्या. कापलेला असेल तर प्रत्येक जोड सोल्डर करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. बाजारातल्या बहुतेक डेकच्या वायरींचे रंग असे असतात:

- पिवळी : बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट
- लाल : चावीबरोबर येणारा १२ व्होल्ट
- काळी : बॉडी अर्थ
- पांढरी जोडी : पुढचा डावा
- राखाडी जोडी : पुढचा उजवा
- हिरवी जोडी : मागचा डावा
- जांभळी जोडी : मागचा उजवा

स्पीकरच्या प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर मायनस. हे रंग डेकच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, ते मल्टीमीटरने ओळखा.

गाडी बंद केली की सेटिंग पुसलं जात असेल तर पिवळी आणि लाल उलट जोडल्या गेल्या आहेत. चार दिवसांत बॅटरी उतरत असेल तर कोणीतरी दोन्ही कायमच्या १२ व्होल्टला बांधून टाकल्या आहेत. न लागणाऱ्या वायरी एकत्र गुंडाळू नका, प्रत्येकीचं टोक वेगवेगळं झाका. निळ्या-पांढऱ्या वायरीवर १२ व्होल्ट येतो, ती बॉडीला टेकली तर डेकला इजा होऊ शकते.

सावधान: स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीही जोडू नका. काही फार जुन्या गाड्यांत दोन स्पीकरची मायनस एकत्र केलेली असते. आजच्या डेकना ते चालत नाही, ॲम्पची चिप जळते. मल्टीमीटरचं एक टोक स्पीकरच्या वायरीला आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा. काहीही जोड दाखवला तर तिथे नवी वायर टाकायची.

काळ्या वायरीसाठी डॅशबोर्डमागचा रंग खरवडलेला पक्का बोल्ट निवडा, थिंबल लावून आवळा. टप्पा १ मधली शिट्टी बऱ्याचदा इथेच जाते.

## टप्पा ५ : दाराचं पॅड काढणं

हे सकाळी करा. भर उन्हात पत्र्याला हात लागत नाही आणि डिसेंबरच्या गारठ्यात जुनं प्लास्टिक कडक होऊन पटकन तडकतं.

स्क्रू तीन ठिकाणी दडलेले असतात: हँडलच्या वाटीत छोट्या टोपीखाली, दार उघडायच्या खटक्यामागे आणि आरशाच्या आतल्या कोपऱ्याच्या झाकणाखाली. काच हाताने फिरवायची असेल तर त्या हँडलमागे तारेची घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. पेचकसने उचकू नका. जुनं सुती फडकं हँडल आणि पॅड यांच्या मधल्या फटीत घाला, दोन्ही टोकं धरून करवतीसारखं मागे-पुढे ओढा, क्लिप टक्कन सुटते. ती उडते, म्हणून चष्मा लावा आणि खाली पंचा पसरून ठेवा.

सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घाला आणि एकेक क्लिप सोडवत वर या. वरची कड काचेच्या फटीत अडकलेली असते, पॅड आधी वर उचला आणि मग बाहेर घ्या. पॉवर विंडोचा कपलर आणि खटक्याची तार सोडवल्याशिवाय ओढू नका.

आत पातळ प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका, फेकूही नका. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. हा पडदा ते पाणी पॅडपासून अडवतो. पडदा फेकलेल्या गाड्यांत जुलैअखेर पॅडचा पुठ्ठा फुगतो, पायाखालची मॅट कुबट वास मारते आणि लोक एसीला दोष देतात. कडेचा काळा चिकट पदार्थ सुरीने सावकाश सोडवा, पडदा तसाच परत लागतो.

## टप्पा ६ : दाराचा डबा करा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. आवाज सुधारतो तो मुख्यतः इथे.

स्पीकरचा शंकू पुढे जाताना समोर हवा दाबतो, त्याच क्षणी मागे हवा ओढतो. पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटली की खालचे सूर कटतात. घरच्या स्पीकरला म्हणूनच डबा असतो. गाडीत तो डबा म्हणजे दार, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात. त्या भोकांतून डग्गा निसटतो. लोक तो डिकीत शोधायला जातात.

१. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

२. मोठ्या भोकातून हात घालून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू पुसा. आधी कोरडं फडकं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. वर्षानुवर्षांची धूळ निघेल. धुळीवर लावलेली शीट पहिल्या उन्हाळ्यात सुटून काचेच्या यंत्रात अडकते.

३. बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या भागात, विशेषतः स्पीकरच्या बरोबर मागे, शीटचे तुकडे लावा. पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतं. पूर्ण दार मढवायला सांगतील, पण त्याने पैसे जातात, दार जड होतं आणि फरक थोडासाच पडतो.

४. रोलर दाबून फिरवा, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत. नुसत्या तळहाताने चिकटत नाही.

५. आतल्या पत्र्याची छोटी भोकं शीटच्या तुकड्यांनी बंद करा. मोठ्या भोकावर नुसती शीट लावली तर ती पापडासारखी आत-बाहेर होते. तिथे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा कडक प्लास्टिक कापून स्क्रूने बसवा आणि वरून शीट लावा. स्क्रूने अशासाठी की उद्या काचेचं यंत्र बिघडलं तर मेकॅनिकला हात घालता यावा.

सावधान: दाराच्या तळाची पाण्याची भोकं झाकू नका. लॉकच्या सळ्या आणि काचेची पट्टी यांच्या वाटेत शीट येऊ देऊ नका. प्रत्येक तुकडा लावल्यावर काच एकदा खाली-वर करा, लॉक दोनदा दाबून पाहा.

तपासा: बाहेरून दारावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. आधी 'टण्ण' यायचं, आता 'ठप्प' यायला हवं. दुसरं, अजून हात न लावलेलं दार शेजारीच आहे, त्यावर टिचकी मारून फरक ऐका.

## टप्पा ७ : स्पीकर बसवणं

स्पीकर थेट पत्र्यावर कसू नका, मध्ये रिंग हवी. एमडीएफची रिंग ओलीने फुगते. मी भाजी कापायचा १२ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पाट आणून सुताराकडून त्यातून दोन रिंगा कापून घेतल्या. पाणी लागत नाही आणि स्क्रू घट्ट बसतात. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी घाला.

काचेचं अंतर पुन्हा बघायला कणकेचा लिंबाएवढा गोळा चुंबकाच्या पाठीवर चिकटवा, स्पीकर दोन स्क्रूंवर तात्पुरता लावा, काच सावकाश खाली करा, मग स्पीकर काढून गोळा पाहा. दाबून उरलेली जाडी ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जाड रिंग लागेल.

आता प्लस-मायनस. डेकपाशी सुटी केलेली स्पीकरची जोडी घ्या आणि सेलला क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर शंकू बाहेर येतो. आत गेला तर वायर उलटी आहे. दोन्ही दारांना हे करा. सेल धरून ठेवू नका, नुसता स्पर्श पुरे. ही तपासणी डेक सुटा असतानाच करायची.

कंपोनंट असेल तर ट्वीटरसाठी लगेच भोक पाडू नका. दोन्ही बाजूंच्या चिकटपट्टीने तात्पुरता आरशाच्या कोपऱ्यात लावा, दोन दिवस ऐका, तोंड थोडं आत-बाहेर वळवून बघा, मग पक्का करा. ट्वीटरच्या वायरीत आलेला कपॅसिटर किंवा बरोबर दिलेला क्रॉसओव्हर (सूर वाटून देणारा भाग) काढून टाकला तर ट्वीटर जळतो.

शेवटी ज्या गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही ती: स्पीकरच्या कडेभोवती जाड फोमची पट्टी लावा, अशी की पॅड बसवल्यावर ती जाळीच्या मागच्या बाजूला दाबली जाईल. नाहीतर निम्मा आवाज पॅडच्या मागे पोकळीत शिरतो आणि सगळ्या क्लिपा वाजवत बसतो.

तपासा, पॅड लावण्याआधी: पडदा परत लागला का, काच खाली-वर होते का, लॉक चालतं का, स्पीकर वाजतो का. चारही 'हो' असतील तरच पॅड. मी एकदा घाईत खटक्याची तार जोडायला विसरलो आणि दार आतून उघडेना, सगळं पुन्हा काढावं लागलं.

## टप्पा ८ : जुळणी

फेडर दोन-तृतीयांश पुढे. लाउडनेस बंद. डेकमध्ये हाय-पासची (खालचे सूर अडवायची) सोय असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा, स्पीकर लहान असेल तर १०० वर. दाराच्या स्पीकरला अगदी खालचे सूर देत राहिलं की तो दमतो आणि त्याच्या धडपडीत गाणाऱ्याचा आवाज गढूळ होतो. ते काढून घेतलं की तोच स्पीकर मोकळा वाजतो. हे करून बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून एकदा करून बघाच.

मग टप्पा १ चे तेच तीन तुकडे, याच क्रमाने. तानपुऱ्याबरोबरचा आवाज मधोमध आणि स्पष्ट असेल तर ट्रेबलला हात लावू नका. 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील तर ट्रेबल एक घर खाली. डग्ग्याची मींड ऐकू यावी, नुसता धप्प आवाज नको. हवा असेल तर बास एक-दोन घरं वर, त्याहून पुढे जाऊ नका.

उभ्या गाडीतली जुळणी अर्धीच असते. सुपर कॉरिडॉरवर ताशी साठच्या वेगाने एक फेरी मारा. चाकांचा घरघराट खालचे सूर गिळतो, त्यामुळे रस्त्यावर बास थोडा जास्त लागतो. बाहेरचा आवाजच फार येत असेल तर दाराची रबरी बीडिंग तपासा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. पट्टी सहज सरकली तर तिथली बीडिंग दबून निकामी झाली आहे. ती बदलायला फार पैसे लागत नाहीत आणि गाडी शांत झाली की कमी व्हॉल्यूमवर काम भागतं.

## टप्पा ९ : ॲम्प आणि बास, एक महिन्यानंतर

महिनाभर असंच वापरा. पुण्या-नाशिकची एक फेरी होऊ द्या. मानपूरच्या घाटात, सेंधव्यापुढे काचा बंद करून ऐका. तरीही कमी वाटलं तरच पुढे जा.

घ्यायचा असेल तर आधी चार चॅनेलचा छोटा ॲम्प घ्या, बास ट्यूब त्यानंतर. ॲम्पची वायर थेट बॅटरीवरून न्यायची, फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि फ्यूजचा आकडा वायर किती सोसेल त्यावर ठरवायचा. बोनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवंच. ग्रोमेट नसेल तर इंजिनच्या थरथरीने वायरीचं आवरण कापलं जातं, आणि फ्यूजही नसेल तर आग लागते. बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने, डेककडून ॲम्पकडे जाणारी सिग्नलची आरसीए वायर दुसऱ्या बाजूने न्या.

ॲम्पवरचा 'गेन' म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवा, गेन शून्यापासून हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडा.

सावधान: सीएनजी गाडीत डिकीतल्या सिलेंडरला, त्याच्या चौकटीला किंवा नळीला टेकून कुठलीही वायर, ॲम्प किंवा ट्यूब बसवू नका. अर्थिंगसाठी सिलेंडरच्या चौकटीचा बोल्ट तर अजिबात वापरायचा नाही. जागा नसेल तर बास सोडून द्या.

काम झाल्यावर पंधरा दिवसांनी स्पीकरचे स्क्रू एकदा आवळा, नवी फोम दबून ते थोडे सैल होतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर दाराच्या तळाला हात लावून पाहा. पाणी भोकांतून टपकत असलं पाहिजे. दार हलवल्यावर आत पाणी डचमळलं, तर त्याच दिवशी पॅड काढून भोकावर आलेला शीटचा तुकडा कापा.